तीन दिवसांचा नियम

उकळे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. इस्पितळाच्या भट्टीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? भट्टी म्हणजे तळमजल्यावरची, ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे आणि कापडं पत्र्याच्या ड्रममध्ये भरून वाफेवर निर्जंतुक करायची खोली. तिथे उकळेकाकांचा एकच धर्म होता. ड्रम आत गेला की वेळ पुरी झाल्याशिवाय बाहेर यायचा नाही. मग वर सर्जन थयथयाट का करेना! एकदा एक बडे डॉक्टर स्वतः खाली येऊन ओरडायला लागले, तर काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि त्यांना सात मिनिटं स्टुलावर बसवून ठेवलं. निवृत्त झाल्यावरही नऊ वर्षं काका हा किस्सा सांगत होते आणि दरवेळी त्यात एखादं मिनिट वाढत होतं.

तर साथ आली, सगळं बंद झालं, आणि इमारतीतले बाकीचे म्हातारे गर्भगळीत झाले तेव्हा आमच्या काकांना मात्र चढला हुरूप. इतकी वर्षं ज्यांनी त्यांच्या हात धुण्याची टिंगल केली, तेच आता जिन्यात तोंडाला फडकं बांधून विचारत होते, काका, भाजी कशी धुवायची, काका, किल्ल्यांचं काय करायचं. काकांनी नियम करून टाकले. जे भांड्यात मावतं ते उकळायचं. जे उकळता येत नाही ते खिडकीत तीन दिवस ठेवायचं, त्याआधी हात लावायचा नाही. त्यामुळे त्यांच्या घरी वर्तमानपत्र तीन दिवस शिळं वाचलं जाई. शेजारी म्हणायचे, काकांच्या घरी अजून परवाच चालू आहे.

काकू हे सगळं बघायच्या आणि बोलायच्या. बोलणं हा काकूंचा पेशाच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होत्या, तेव्हा अर्ध्या शहराने त्यांचा चेहरा न बघता त्यांचा आवाज ओळखलेला. एकेक अक्षर धुऊन पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ. एकोणचाळीस वर्षं काकांनी त्याच स्वच्छ अक्षरांत बोलणी खाल्ली होती. हळू चाला, चष्मा पुसा, किती वेळा सांगितलं, कुणाला सांगते आहे मी. काकांना त्याची इतकी सवय की सकाळी दोन शब्द कानावर पडले नाहीत तर चहा अळणी लागायचा.

आणि या काकूंचे दात खोटे होते. सहा वर्षांपूर्वी हिरड्यांच्या दुखण्यात सगळे काढावे लागले. दात काढणारा डॉक्टर सोडला तर ही गोष्ट जगात तिघांना माहीत होती. काकू, काका आणि कवळी करून देणारे पुलापलीकडचे मास्तर. पोटच्या लेकीलासुद्धा पत्ता नव्हता. ती परगावी, वर्षातून आठवडाभर यायची. तेवढे दिवस काकू न्हाणीघराची कडी लावून घ्यायच्या. रात्री कवळी एका स्टीलच्या पेल्यात पाण्यात, वर झाकणी, आणि पेला बेसिनच्या मागे. एवढा कडेकोट बंदोबस्त.

बंदीच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी काका पहाटेच उठले. चमचे, कात्री, दाराची कडी, दाढीचा मग, हाताला लागेल ते कुकरमध्ये भरलं. बेसिनमागचा पेलाही दिसला. झाकणीसकट ठेवला आत. इस्पितळात तर भट्टीत काय जातं आणि काय जात नाही याची यादी काकांनी स्वतःच्या हाताने लिहून दारावर चिकटवलेली होती. ‘जात नाही’च्या रकान्यात सगळ्यात वर होतं प्लास्टिक. पण घरात कुठली आली यादी? चांगल्या सात शिट्ट्या होऊ दिल्या.

झाकण उघडलं तेव्हा काकू मागेच उभ्या होत्या. पेल्यातली कवळी उन्हात विसरलेल्या चपलेसारखी वाकली होती. काकूंनी ती उचलली, उलटी केली, सुलटी केली. मग काकांकडे बघून तोंड उघडलं. जे काही बाहेर आलं त्यात अक्षरं नव्हतीच, नुसती वारा भरलेली फफफ. स्वतःचाच आवाज ऐकून त्या दचकल्या आणि त्यांनी तोंड मिटलं. ते मिटलं ते मिटलंच.

काकांना वाटलं, आपण हाताचे कारागीर, करू सरळ. गरम पाण्यात धरून हळूहळू दाबायला गेले, तर कवळीचे कट्कन दोन तुकडे. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात तसं म्हणावं, तर इथे मारुतीसुद्धा झाला नाही. काकूंनी कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं, “कुणालाही सांगायचं नाही. लेकीला तर नाहीच.” आणि खाली रेघ मारली.

मग सुरू झाले काकांचे हेलपाटे. पासष्टच्या वरच्यांना मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दोन तास सूट, तीही औषध आणि किराण्यापुरती, आणि घरापासून लांब जायचं नाही. दंतवैद्याच्या दवाखान्यात फोन केला, तर ठणका असेल तरच या, म्हणाले. कवळी अत्यावश्यक सेवेत येत नाही. काकांनी विचारलं, बोलणं येतं का? पलीकडची मुलगी म्हणाली, काय? काकांनी फोन ठेवला.

मास्तरांचा फोन लागला एकदाचा. भला माणूस. दुकानामागच्याच खोलीत राहायचे, आणि नेमका तोच भाग सील झालेला. म्हणाले, काका, वहिनींच्या तोंडाचा साचा आहे माझ्या फळीवर. सगळ्यांचे ठेवतो मी, नंबर टाकून. आठ दिवसांत नवी करतो, माझ्याकडे आता दुसरं काम आहे कुठे? पण तुमच्यापर्यंत पोचवायची कशी? काका म्हणाले, तुम्ही करा तर खरं.

करा तर खरं म्हणणं सोपं होतं. मंगळवार आला की काका पिशवी घेऊन निघत, किराण्याच्या रांगेला वळसा घालून पुलापर्यंत जात. पुलावर लोखंडी अडसर, अडसरापाशी खुर्ची, खुर्चीत हवालदार. पहिल्या दिवशी काका म्हणाले, औषध आणायचंय. हवालदाराने चिठ्ठी मागितली. चिठ्ठी नव्हती. दुसऱ्या वेळी म्हणाले, नातेवाईक आजारी आहे. कोण नातेवाईक, पत्ता काय? काकांना खोटं बोलायची सवय नव्हती, पत्ताच सुचेना. तिसऱ्या वेळी हवालदारच म्हणाला, काका, तुम्ही दरवेळी काहीतरी नवीन सांगता, खरं काय आहे ते सांगा, बघू. काकांच्या ओठांवर आलं होतं. पण कॅलेंडरमागची ती रेघ डोळ्यांपुढे आली आणि ते मूग गिळून परत फिरले. परतताना रांग संपलेली, दुकान बंद झालेलं. घरी गेले ते रिकामी पिशवी घेऊन.

असा दीड महिना गेला. घरात आवाज म्हणून उरला तो नळाचा आणि भिंतीवरच्या घड्याळाचा. काकू दुधात बुडवलेला पाव खायच्या, कुस्करलेला बटाटा खायच्या, आणि तोही काकांकडे पाठ करून. गालांची हाडं वर आली. संध्याकाळी लेकीचा फोन यायचा तेव्हा काकू हात हलवून नको म्हणायच्या. लेक काकांना विचारायची, बाबा, तुमचं भांडण झालंय का? काका म्हणायचे, छे, झोपलीय जरा. लेक म्हणायची, रोज कशी झोपते बाबा यावेळेला? एकदा तर रडलीच ती फोनवर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. काकूंनी आरडाओरडा केला असता, कुकर डोक्यात घातला असता, तरी काकांना बरं वाटलं असतं. ज्याने गुन्हा केला त्याला शिक्षा जिने द्यायची, तिची वाचाच त्याने उकळून टाकलेली. रात्री अंथरुणावर पडल्यावर काका स्वतःलाच म्हणायचे, हळू चाला, चष्मा पुसा, किती वेळा सांगितलं. पण त्यात ती मजा नव्हती.

शेवटी वाट सापडली ती कचऱ्याच्या गाडीतून. गाडी चालवणाऱ्या बाई रोज पूल ओलांडून जायच्या, त्यांना कुणी अडवत नव्हतं. काकांनी अंतर राखून, मान खाली घालून सांगितलं, पलीकडून एक डबा आणायचाय, आत काय आहे ते विचारू नका. बाई म्हणाल्या, “काका, मी लोकांचा कचरा उचलते, कुणाला काही विचारत नाही.” आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी काठीच्या टोकाला पिशवी अडकवून ती काकांच्या खिडकीत वर दिली. आत प्लास्टिकचा पारदर्शक डबा, डब्यात ओल्या कापसावर काकूंचे गुलाबी हिरड्यांचे, शुभ्र दात.

काकू धावत आल्या. किती दिवसांनी त्या धावल्या होत्या! हात पुढे केला, आणि काकांनी त्यांचा हात धरला. सील केलेल्या भागातून आलेला डबा, कचऱ्याच्या गाडीतून. मास्तर फोनवर म्हणाले होते, साबणाने धुवा आणि खुशाल घाला. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. साबणाने रंग गेला तर? चिरली तर? काही करायचंच नको, नुसतं ठेवून द्यायचं, यात तरी चूक होणार नाही. काकांनी तीन बोटं वर केली. काकूंनी डब्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं. सात आठवडे काढले होते, तीन दिवसांचं काय मोठंसं? त्यांनी मान हलवली. आणि तोंडावर पदर धरून हसल्या, हे काकांनी नक्की पाहिलं. काकांनी डब्यावर कागद चिकटवून तारीख आणि वेळ टाकली, भट्टीतल्या ड्रमवर टाकायचे तशी. सोमवार, अकरा. म्हणजे गुरुवार, अकरा.

सोमवारी संध्याकाळी काकूंना कसकस वाटायला लागली. मंगळवारी ताप. मंगळवारीच तपासणीवाले आले, दोघांच्या नाकांत काड्या घालून गेले. बुधवारी दुपारी फोन आला. काकूंना लागण, काकांना नाही. काकांना हे काही केल्या समजेना. घराबाहेर कोण गेलं? ते. पुलावर कोण उभं राहिलं, पाच वेळा, सहा वेळा? ते. घरात आणलं असेल तर त्यांनीच, आणि नाव मात्र तिचं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी. ते कपाळावर हात मारून घ्यायला गेले आणि थांबले, कारण हात धुतलेले नव्हते.

पाच वाजता गाडी आली. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं दारात उभी. लवकर करा, म्हणाली, अजून तीन घरं आहेत. काकूंनी काकांनी भरलेली पिशवी घेतली. त्यात टॉवेल होता, गाऊन होता, काकूंचा चष्मा मात्र घाईत टेबलावरच राहिला. उंबऱ्यापाशी काकू थांबल्या. तोंडाला पट्टी होती, त्यावर डोळे. त्यांनी हात उचलून खिडकीकडे बोट केलं.

काकांनी डब्याकडे पाहिलं. डब्यावर त्यांचंच अक्षर, गुरुवार, अकरा. अजून अठरा तास होते. त्यांना ठाऊक होतं का, की आता त्या तीन दिवसांना काही अर्थ उरला नाही? असणार. जिला व्हायचं ते होऊन चुकलं होतं. पण चौतीस वर्षांत एकही ड्रम वेळेआधी काढलेला नाही असा हात असतो ना, तो डोक्याचं ऐकत नाही. त्यात ती दोन माणसं घाई करत होती, त्यात मनात भीती, की आधीच तापलेल्या जिवात आणखी काही शिरलं तर? एकदा उकळून वाट लावली, आता आणखी एक वाट लावायची का? आणि इस्पितळ तर आपलंच, तिथला जिना न् जिना पाठ. काका म्हणाले, “उद्या सकाळी होतात तीन दिवस. अकरा वाजता घेऊन येतो मी. स्वतः येतो.”

काकूंनी हात खाली घेतला. त्यांनी मान हलवली नाही, रागावल्या नाहीत. दोन माणसांच्या मधून जिना उतरल्या. काका खिडकीशी जाऊन उभे राहिले, डब्याच्या शेजारी, आणि गाडी वळेपर्यंत तिथेच उभे होते.

मग ती दोन माणसं परत वर आली. दारावर कागद चिकटवला. चौदा दिवस बाहेर पडायचं नाही. काका म्हणाले, अहो, मला उद्या इस्पितळात जायचंय. एकाने सांगितलं, काका, तुम्हाला जिन्यातसुद्धा जायचं नाहीये. काकांना हे सुचलंच नव्हतं. सगळे नियम ज्यांना तोंडपाठ, त्यांना नेमका हाच नियम आठवला नाही.

गुरुवारी अकरा वाजले. काकांनी डबा उघडला नाही. फोन घेऊन बसले. इस्पितळाचा मुख्य नंबर लागेना, म्हणून भट्टीचा जुना नंबर फिरवला, तो अजून बोटांत होता. पलीकडे एक नवा माणूस. काकांनी नाव सांगितलं तर तो ओळखून होता, म्हणाला, तुमची यादी अजून दारावर आहे काका. काकांना भरून आलं. त्यांनी सांगितलं, एक छोटा डबा आहे, कचऱ्याच्या गाडीतल्या बाई मागच्या दाराशी आणून देतील, तुम्ही फक्त आत घ्या आणि वर वॉर्डात पाठवा. आत काय आहे, त्याने विचारलं. काका म्हणाले, एक वस्तू आहे, प्लास्टिकची. तो म्हणाला, वॉर्डात जाणारं सगळं आता आमच्याकडून वाफेतून काढूनच वर जातं, आणि प्लास्टिक आम्ही घेत नाही, तुम्ही तर स्वतःच लिहिलंय. काका म्हणाले, हो, मीच लिहिलंय. स्वतःच लिहिलेल्या नियमावरून माणूस ओरडेल तरी कुणावर?

बाराच्या सुमाराला फोन वाजला. वॉर्डातली नर्स. आवाज तरुण, दमलेला. काकूंचा ताप तसाच आहे, ऑक्सिजन लावलाय, घाबरू नका, म्हणाली. मग कागद चाळल्याचा आवाज आला. “काका, एक विचारायचं होतं. आजींना जन्मापासून बोलता येत नाही का? काल संध्याकाळपासून एक शब्द नाही. नाव विचारलं तरी तोंड उघडत नाहीत. कार्डावर मुक्या म्हणून लिहितेय, तेवढं नक्की करायचं होतं.”

काका जमिनीवर बसले. जिच्या आवाजावर अर्ध्या शहराचे फोन जोडले गेले, तिच्या कार्डावर मुकी! आणि ते कुणामुळे? एकदा कुकरमुळे, एकदा घड्याळामुळे, आणि दोन्ही वेळा ह्यांच्यामुळे. कॅलेंडरमागची ती रेघ समोर भिंतीवर होती. काकांनी तिच्याकडे पाठ केली आणि सांगून टाकलं. दात नाहीत तिला. कवळी आहे, नवी, इथे माझ्यापाशी, खिडकीत. तिला बोलता येतं हो, तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं. तुम्ही मुकी लिहू नका.

नर्स म्हणाली, अरे देवा. मग म्हणाली की बाहेरचं काहीच आत घेता येत नाही, तिच्या हातात नाही ते, तिलाही वाईट वाटतंय. काका म्हणाले, ते कळतं मला. मग त्यांनीच विचारलं, एकदा फोन धराल तिच्या कानाशी?

चपलांचा आवाज आला. कुठलंतरी यंत्र वाजत होतं. मग अगदी जवळ एक श्वास, ओढून घेतलेला. काकांनी तो श्वास ओळखला. त्यांना खूप बोलायचं होतं, माफी मागायची होती, पण बोलायचं काम कायम तिचं, यांना सवय कुठे? ते एवढंच म्हणाले, “अगं, मी आहे.”

श्वास थांबला. मग परक्या माणसांनी भरलेल्या त्या खोलीत, सहा वर्षं जे जिवापाड लपवलं ते सगळ्यांपुढे उघडं टाकून काकू बोलल्या. अक्षरं नव्हती, नुसतं फसफसणं होतं, तुटक, मध्ये दम घेत. एकोणचाळीस वर्षं ऐकणाऱ्या माणसाला त्यातला शब्द न् शब्द कळला. त्या विचारत होत्या, झाले का हो तुमचे तीन दिवस?

“झाले,” काका म्हणाले. “आत्ताच झाले.”

चपलांचा आवाज लांब गेला आणि नर्स पुन्हा फोनवर आली. काका, बोलल्या त्या, म्हणाली, पण मला काही समजलं नाही, काय म्हणाल्या? काही हवंय का त्यांना?

काकांनी खिडकीकडे पाहिलं. डब्यावर ऊन पडलं होतं, आतल्या कापसाचं पाणी झाकणाला लागून थेंब झाले होते. रस्त्यावरून कचऱ्याची गाडी रिकामी होऊन परत पुलाकडे चालली होती. काका म्हणाले, काही नको. माझ्यावर रागावलीय ती. तुम्ही कार्डावर एवढं लिहा, बोलता येतं.